सातचा भोंगा

फळी पुढे गेली आणि हरिदास मागे राहिला. मागे म्हणजे हवेत. मग बूड टेकलं ते थेट डांबरी सडकेवर, आणि फळी एकटीच उतारानं वर्ध्याच्या दिशेनं निघाली.

"थांब वं माये!" म्हणत त्याची बायको भागीरथा फळीमागं धावली. आधी फळी धरायची, नवरा नंतर उचलायचा, हे तिला एव्हाना कळलं होतं. नवरा काही पळून जात नव्हता.

फळी सागाची. खाली कापसाच्या जिनिंगमधल्या भंगारातले चार बेअरिंग ठोकलेले. पुढची आडवी पट्टी एका खिळ्यावर फिरती. नालवाडीतले पोट्टे असल्या गाडीवर बसून उतार घसरत. हरिदास पंचेचाळिशीचा, भरल्या मिशांचा माणूस, तो तिच्यावर उभा राहून कामावर जाणार होता. सायकल मारता आली असती तर कोण या भानगडीत पडलं असतं? पण तरणेपणी विहिरीत पडला तेव्हापासून त्याचा डावा गुडघा वाकायलाच तयार नव्हता. तो पाय फळीवर खुंटासारखा रोवायचा आणि उजव्यानं सडक मागं ढकलायची, असा त्याचा बेत. बेत सरळ होता. फळीला तो मान्य नव्हता.

"काऊन वो भाऊजी," शेजारची मनकर्णाबाई कुंपणावरून बोलली, "नोकरी वाचवून राह्यले का हाडं मोडून राह्यले?"

"दोन्ही संगंच," हरिदास धूळ झटकत म्हणाला.

नोकरीचं मात्र खरं होतं. जिनिंगचा सकाळी सातचा भोंगा पंधरा वर्षं त्याच्याच हातचा. तो नालवाडीहून पाय ओढत निघे आणि पोचला की भोंगा वाजे. कोणाची तक्रार नव्हती. आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या साली ओमप्रकाश नावाचे नवे मॅनेजर आले, आणि येताना रेडिओ घेऊन आले.

"रेडिओच्या बातम्या संपतात, तरी तुझा भोंगा नाही," साहेबांनी बजावलं. "सोमवारी बरोबर सातला वाजला नाही, तर भोंग्याच्या खटक्यावर दुसरा माणूस बसवीन."

घरून लवकर निघावं, तर म्हैस त्याच्याशिवाय कोणाला दूध देत नसे, आणि उजाडल्याशिवाय त्यालाही देत नसे. भोंग्यावर बोट होतं म्हणून हरिदासला जिनिंगमध्ये लोक रामराम करत. तेही गेलं तर त्याच्याजवळ उरत होतं काय? एक म्हैस अन् एक गुडघा.

रविवारी सांजेला भागीरथेनं गोठ्यातला जुना कासरा आणला आणि फळीच्या पुढच्या पट्टीला दोन्ही टोकांनी बांधला.

"ते फळी हाय हे इसरून जा," ती म्हणाली. "बैलं हाकत होते तसे हाका."

हरिदासनं कासरा हातात घेतला. जीभ टाळूला लावून टक्‌ टक्‌ केलं. फळी निघाली. उजवा कासरा ओढला तशी गुमान उजवीकडे वळली. 'हो हो' म्हटल्यावर थांबली. मनकर्णाबाई तर शपथेवर सांगायची की ती शेपटीही हलवत होती.

सोमवारी तो निघाला ते निघालाच. एक कुत्रं त्याच्या मागं लागलं आणि अर्ध्यातच जीभ काढून सडकेवर बसलं. एसटीच्या ड्रायव्हरनं बाजू मिळावी म्हणून हॉर्न मारून पाहिला, पण हरिदासनं काही एसटीला पुढं जाऊ दिलं नाही. त्याची टोपी नालवाडीच्या वेशीतच उडाली होती. ती मागून त्याच एसटीनं वर्ध्याला आली.

साहेबांच्या खोलीत रेडिओनं सात सांगितले, आणि त्याच दमात हरिदासनं खटका दाबला. भोंग्यानं सगळं वर्धा दणाणलं. साहेब बाहेर आले. त्यांनी चक्क हरिदासच्या पाठीवर थाप मारली.

मग दोघांनी फाटकाकडे पाहिलं.

फाटकात एक बकरी होती. बाकी कोणी नव्हतं.

दोघं वाट पाहत राहिले. कापसाच्या गाड्या उभ्या, मशिनी थंड. बकरीनं एका गाडीतला मूठभर कापूस खाल्ला आणि तीही गेली. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. हे आपल्यामुळंच काहीतरी झालं, एवढं हरिदासला कळत होतं. काय झालं, ते मात्र कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं सडकेवर धूळ उडाली. पुढे हरिदासची शिदोरी घेऊन भागीरथा, आणि तिच्यामागं धापा टाकत सगळी नालवाडी. हमाल, सरकीवरच्या बाया, ऑइलवाले, झाडून सगळे.

"भोंगा ऐकू आला नाही?" साहेब गरजले.

"आला नं साहेब," फिटर श्रावण म्हणाला. "पन आमच्या घरी घड्याळ कुठी हाय? हरिदासभाऊ दारावरून गेला, का आमी त्याच्या मांगं निंगतो. आज भाऊ गेलाच नाई. मंग आमी म्हटलं, हा भोंगा दुसऱ्या कोन्या जिनिंगचा असंन."

"अन् सडकेनं जे खडखडत गेलं ते?" हरिदासनं विचारलं.

"ते आमाले एसटी वाटली."

कोणी हसलं नाही. हरिदासनं खटक्यावरचा हात आपणहून काढला आणि बाजूला होऊन उभा राहिला.

साहेबांनी थंड मशिनींकडे पाहिलं. फाटकातल्या गर्दीकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात पंचवीस. त्यांनी घड्याळाची चावी बाहेर ओढली, मोठा काटा सावकाश मागं आणला आणि बारावर नीट बसवला.

"हं हरिदास," ते म्हणाले, "वाजव आता. सात वाजले."