सैल बसलेला सायलेन्सर

ग्रंथपालबाईंनी नवऱ्याची मोटरसायकल पुन्हा मिस्त्रीच्या दारात आणून उभी केली. परवाच त्याने नवा सायलेन्सर बसवला होता आणि तेव्हापासून गाडी नुसती बोंबलत होती. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सकाळी तोंडावरच सांगितलं होतं, "तुमची गाडी सुरू झाली की आमची भांडी थरथरतात." म्हणून बाई आल्या होत्या, नाहीतर त्यांना त्या आवाजाचं काहीच वाटत नव्हतं.

मिस्त्री खाली बसला, वाकून पाहिलं आणि ओशाळला. एक बोल्ट लावायचाच राहून गेला होता आणि तापलेला सायलेन्सर पायाकडे कलला होता. मग त्याची नजर बाईंच्या पोटरीकडे गेली. कापड करपून भोक पडलं होतं आणि आत हा एवढा मोठा फोड आला होता.

"अहो ताई, केवढं भाजलंय हे. दुखत नाही?"

बाईंनी वाकून पाय पाहिला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "नाही."

"किती दिवस झाले?"

"एकवीस."

मिस्त्री गोंधळला. "ताई, सायलेन्सर तर मी परवा बसवलाय."



बाईंचा नवरा जाऊन त्या दिवशी एकवीस दिवस झाले होते.