खुर्चीवर येण्याआधी

साताऱ्याच्या कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीवर आता यंत्र बसत असे. आज ते गोदामाचा पहारेकरी नामदेव खिलारे याच्यावरच्या, चोरांना सामील असल्याच्या खटल्याचा निकाल देणार होते. चोरी होताच नामदेव पळाला, एवढाच त्याच्याविरुद्ध पुरावा होता.

नामदेवची वकील रेवती भोईटे उठली. "साहेब, या खुर्चीवर येण्याआधी आपण काय करत होतात?"

सरकारी वकील तांबवेकर हसले. "अहो बाई, यंत्र काय शाळेत जात होतं?"

"शिकलो तर खरंच," यंत्र म्हणाले. "सरकारी वकिलांचे हजारो युक्तिवाद वाचून शिकलो."

"आणि आरोपीच्या वकिलांचे?"

यंत्राने आपल्या नोंदी तपासल्या. "ते मला कोणी दिलेच नाहीत."

"मग आधी तेही वाचा, साहेब. आम्ही थांबतो."

सगळे चहा पिऊन परतले, तोवर यंत्राचे वाचून झाले होते. त्याने पहिल्यांदाच आपला कॅमेरा आरोपीकडे वळवला.

"नामदेवराव, तुम्ही का पळालात?"

हे नामदेवला आजवर कोणी विचारलेच नव्हते. "चोर चौघं होते, साहेब, हातात कोयते. मी एकटा. शिट्टी वाजवत पोलीस चौकीकडं पळालो."

"तांबवेकर, चौकीत कोणी शिट्टी ऐकली होती?"

तांबवेकरांनी कागद चाळले. "हो... हवालदारानं ऐकली होती."

"मग 'पळाला' हा शब्द खोडा. हा माणूस मदतीसाठी धावला होता. निर्दोष!"

नामदेवने खिशातली शिट्टी काढून भर कोर्टात जोरात फुंकली, आणि यंत्राने त्याला मुळीच अडवले नाही.