पवनचक्कीच्या शिडीवर

“ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. कोणी विश्वासच ठेवणार नाही,” शिडीचे दोन्ही दांडे धरून वर बघत हेमचंद्र म्हणाले.

पवनचक्कीच्या माळ्यावरून उतरता उतरता त्यांच्या पत्नी सुलेखाताई मध्येच थिजल्या होत्या. शिडी जवळजवळ उभी. खुब्याच्या ऑपरेशनला जेमतेम एक उन्हाळा झालेला, आणि आता पडलात तर पुन्हा चालणं कठीण, असं सर्जननं बजावलेलं. तरी वरच्या खिडकीतून समुद्र काय सुरेख दिसतो, एकदा बघून तर ये, असं टुमणं सकाळपासून हेमचंद्रांनीच लावलं होतं.

पाती साखळीनं बांधलेली होती. पण टेकडीवर वारा चढला, की जुनं लाकूड कण्हायचं आणि शिडी थरथरायची. गाइड मुलीनं हलक्या आवाजात विचारलं, मदतीसाठी नाइन वन वनला फोन करू का. वरून एवढंच आलं, की कोणी वर येऊ नका, शिडी हलते.

मग हेमचंद्रांनी गोष्ट सुरू केली. त्यांची कुठलीही गोष्ट आणि तीवर सुलेखाताईंची दुरुस्ती, अमेरिकेतल्या त्यांच्या श्रूजबरी गावी घरोघरचे डबे घेऊन पॉटलकला जमलेले लोक दोन्ही ऐकायला थांबत. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आपण नोव्हायहून पार्सिपनीला निघालो, आठवतं ना? वाटेत असा काही वारा सुटला, की आपली हिरवी गाडी त्यानं रस्त्यावरून उचललीच.

“बदामी,” वरून आवाज आला.

असेल, हेमचंद्र म्हणाले. तर ती बदामी गाडी टोलनाक्यावरून तरंगत गेली, टोलवाला खालून टोपी हलवतोय, आणि मागच्या सीटवर तुझा भाऊ यतीन ढाराढूर. यतीन नव्हताच, असं सुलेखाताईंनी लाकडाला सांगितलं. तुमची बहीण प्रतिमा होती, आणि झोपली कुठली, सारखी ओकत होती. सांगता सांगता त्यांच्या उजव्या पायानं खालची पायरी चाचपली. सापडली. हेमचंद्रांनी तिकडे बघितलंच नाही असं दाखवलं. डब्यातल्या पुरणपोळ्या मात्र गरम राहिल्या, ते म्हणाले. संक्रांतीला पुरणपोळ्या कोण करतं, असा सवाल आला; गुळपोळ्या होत्या त्या, आणि निम्म्या तुम्ही गाडीत बसायच्या आधीच संपवल्या होत्या. आणखी एक पायरी.

तेवढ्यात मोठा झोत आला. अख्खी चक्की कलल्यासारखी वाटली, वरच्या दातेरी चाकावरून धूळ गळली, आणि सुलेखाताईंचा पाय सुटला. तो नुसताच हवेत हलत राहिला. गाइडनं तोंडावर हात दाबला.

हेमचंद्रांचा आवाज थांबला नाही. तर आपण ढगांतून चाललोय, ते म्हणत होते, खाली सगळं पाणीच पाणी, आणि तू खिडकीची काच खाली करून मजेत हात बाहेर काढलेला.

“मजेत?” सुलेखाताई धापा टाकत म्हणाल्या. “डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते मी. आणि उडाली कुठे गाडी? बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली होती. जीव जायचा बाकी होता.”

पाय पायरीवर टेकला. मग दुसरा. उरलेली शिडी त्या हेमचंद्रांना बोल लावतच उतरल्या, आणि जमिनीवर आल्यावर जरा वेळ त्यांच्या छातीशी तशाच उभ्या राहिल्या.

गाइडनं पाणी आणलं. सुलेखाताई म्हणाल्या, बाजूला व्हा, मला बसायचंय. हेमचंद्र हलले नाहीत. दोन्ही दांड्यांवरची त्यांची बोटं पांढरीफटक पडली होती. त्यांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, सुटेनात. सुलेखाताईंनी बघितलं, आणि त्या एकेक बोट उलगडू लागल्या.

“तू उतरणार हे मला ठाऊकच होतं,” हेमचंद्र म्हणाले. “मी मुळीच घाबरलो नव्हतो.”

“खोटं,” सुलेखाताई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा हात सोडवायला घेतला.