तिसरी गिरकी

"पुन्हा चुकलीस!" लंबू ओरडला आणि त्याने फोनवरचं गाणं बंद केलं.

भिंगरीने कपाळावर हात मारून घेतला. सगळे लाडाने भिंगरी म्हणणार आणि नेमका गिरकीलाच तोल जाणार, म्हणजे शोभाच की! उद्या फायनल. सगळा नाच त्या तिसऱ्या गिरकीपाशी येऊन थांबायचा, आणि ती गिरकी होती तिच्या एकटीची.

सहा जणांचा ग्रुप. कॉलेज सुटलं की रोज संध्याकाळी या मोठ्या ऑफिसच्या मागच्या बाजूला जमायचा, कारण तिथल्या काचा बाहेरून आरशासारख्या होत्या. त्यातही कडेची एकच काच लख्ख, बाकीच्यांवर बोटभर धूळ. नाचून झालं की सहाही जण त्या काचेवर आपले घामेजलेले पंजे उमटवायचे. दुसऱ्या दिवशी काच पुन्हा चकाचक. "मालक आपला फॅन दिसतोय," लंबू म्हणायचा.

भिंगरीला मात्र वेगळीच धास्ती होती. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते, असं तिने घरी सांगितलं होतं. "नाचून कुणाचं पोट भरलंय?" हे आईचं वाक्य तिला पाठ होतं. आई साफसफाईच्या कामाला जायची. कंत्राटदार दर महिन्या-दोन महिन्यांनी तिची इमारत बदलायचा, त्यामुळे सध्या कुठली, हे भिंगरीने विचारलंही नव्हतं. आई मात्र हल्ली रोज जेवताना विचारायची, "झाला का अभ्यास? कुठे अडतंय का?" भिंगरी ताटात बघत म्हणायची, "नाही गं." खरं कळलं असतं तर नाच त्याच दिवशी बंद झाला असता.

एरवी अंधार पडायच्या आत वॉचमनकाका सगळ्यांना पिटाळून लावत. आज तेच म्हणाले, "उद्या फायनल ना? थांबा हवं तर."

"चला, पहिल्यापासून!" लंबूने गाणं लावलं आणि अंगात वारं शिरल्यासारखे सगळे सुटले. पहिली गिरकी. दुसरी. तिसरी आली आणि भिंगरीचा पाय पुन्हा अडखळला. तेवढ्यात आत कुणीतरी दिवे लावले.

बाहेर अंधार, आत उजेड. आरशाची खिडकी झाली. आत लांबलचक ओली फरशी, एक बादली आणि निळ्या गणवेशातली एक बाई. मॉपचा दांडा हातात धरून ती गर्रकन फिरत होती. एक, दोन, तीन! तिसरी गिरकी तिने इतक्या सफाईने घेतली की लंबूच्या तोंडून शिट्टीच निघाली. बाई थांबली. तिने वर बघितलं.

ती भिंगरीची आई होती.

आता संपलंच सगळं, तिला वाटलं. बाजूचं दार उघडून आई बाहेर आली, कमरेला फडकं खोचलेलं.

"आई, मी अभ्यासाला..."

"डावा पाय आधी," आई धापा टाकत म्हणाली. "तिसऱ्या वेळी तू उजवाच टाकतेस. महिनाभर बघतेय मी. अडतंय का, अडतंय का म्हणून रोज विचारलं, तर सांगशील तर शपथ! घे, कर बघू."

गाणं चालूच होतं. डावा पाय आधी. भिंगरी फिरली, फिरली, फिरली आणि खुंटा ठोकावा तशी जागेवर उभी राहिली. एकच गलका झाला. तिला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. सवयीने सहा पंजे काचेवर थाडथाड पडले.

मग लंबूचं लक्ष आईच्या कमरेच्या फडक्याकडे गेलं. त्याने जीभ चावली.

"सॉरी काकू. आज आम्ही पुसतो."

"राहू दे रे," आई म्हणाली. "उद्या ती काच पुसायला मी नाहीच. सुट्टी टाकलीये. पहिल्या रांगेत बसणार आहे."