आसवाची चव

बापट वकिलांनी पेला ओठांना लावला, तशी चंद्रावतीने माजघराच्या दाराची चौकट घट्ट धरली. वकिलांनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, मान जराशी मागे टाकली. ओटीवरचे बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

त्या पेल्यातलं द्राक्षासव तिने दुपारी उकळलं होतं. वैद्यबुवा पळस्प्याला रोगी बघायला गेले, आणि तिने कालच गाळून ठेवलेली बरणी कल्हईच्या पातेल्यात रिकामी करून चुलीवर चढवली. आसवात जे काही चढणारं असतं ते वाफेबरोबर निघून जातं, एवढं वैद्याच्या घरात संसार केल्यावर तिला ठाऊक होतं. वास मरावा म्हणून घरभर धूप फिरवला. आटलं तेवढं पाणी घातलं, निववलं, पुन्हा बरणीत भरून तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. सोमवारचा उपास होता. पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. बरणी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

दारूबंदी आल्यापासून गावातल्या प्रतिष्ठितांची पचनं एकदम बिघडली होती. नवी बरणी गाळली की वकील, हेडमास्तर आणि कचेरीतले अव्वल कारकून अशी मंडळी ‘चव बघायला’ येऊन बसत. औषधच ते, त्याला कोण काय म्हणणार! चंद्रावती पोहे करी, पेले विसळी, पानाचं तबक पुढे करी. त्याचं तिला काही नव्हतं. आल्यागेल्याचं करायचं हे तिने माहेरीच अंगी लावून घेतलं होतं. भीती होती ती दुसऱ्या सकाळची. पाहुणे घरी जाऊन झोपत. वैद्यबुवा मात्र बरणीपाशीच बसून राहत, आणि मग ऊन डोक्यावर आलं तरी उठत नसत. ओटीवर गावोगावचे रोगी ताटकळत, आणि ती त्यांना सांगे, पूजेला बसलेत. देवाच्या नावाने खोटं बोलताना तिची जीभ अडखळे, पण बोले.

गेल्या खेपेस कर्नाळ्याकडचा काळू कातकरी तापाने फणफणलेली पोर खांद्यावर घालून उजाडताच आला होता. बसला, बसला, ऊन ओटीवर आलं तरी बसला. भांडी घासणारी सखूबाई राखेचा हात थांबवून म्हणाली होती, “वैनी, वैद्यबुवांना देव आज बी लवकर सोडत नाय वाटतं.” शेवटी काळू उठला आणि पोरीला घेऊन चालू लागला. त्या पोरीचं पुढे काय झालं, ते चंद्रावतीला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. तेव्हापासून देवळात विरूपाक्षाला बेल वाहताना ओठांवर नाव देवाचं असे आणि डोळ्यांपुढे ती पोर. उद्याची एक सकाळ खरं बोलता यावं, एवढंच तिला हवं होतं.

वकिलांनी डोळे उघडले.

“जपून घ्या हो, हेडमास्तर,” ते म्हणाले. “यंदाचं जरा अंगावर येणारं आहे.”

हेडमास्तरांनी जपून घेतलं, मग पुन्हा घेतलं. कारकुनांचे कान तापले आणि ते एक जुनं नाट्यपद गुणगुणू लागले. हेडमास्तरांनी उठून मामलेदारांच्या चालण्याची नक्कल केली. वकील हसता हसता लोडावर कलंडले. कोकमाचं सरबत दिलं असतं तरी भागलं असतं, असं चंद्रावतीच्या मनात आलं. हसू यायला हवं होतं. पण अंगात तेवढं त्राण नव्हतं.

तिचं लक्ष वैद्यबुवांकडे होतं. चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवून मुळी जुनी की नवी ते सांगणारा हा माणूस. त्याला एका घोटात कळणार. आणि चारचौघांत बोलून गेले, तर बायकोनेच औषध नासलं हे उद्या पनवेलभर होणार. मग नवऱ्याच्या औषधावर विश्वास तरी कोण ठेवील?

त्यांनी घोट घेतला. थांबले. पेल्यात बघितलं, मग दाराकडे. तिने पदर सावरला आणि नजर जमिनीला लावली.

थांबलात का, असं वकिलांनी विचारलं.

“काही नाही,” वैद्यबुवा म्हणाले. “चांगलं साधलंय.” आणि त्यांनी पेला संपवला.

सुटले म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. म्हणजे यांनाही कळलं नाही. सगळं गेलं तरी ती जीभ तेवढी शाबूत असेल, असं ती धरून चालली होती. तीही गेली. मग आता उकळायचं कशाला, लपवायचं कशाला आणि कुणासाठी?

दिवेलागण झाली तशी मंडळी एकमेकांना सावरत उतरली. वकिलांना तर पायरी दाखवावी लागली. चंद्रावतीने पेले गोळा केले, देवापाशी निरांजन लावलं, उपास सोडायला पान मांडलं आणि त्यापुढे नुसतीच बसून राहिली. ओटीवर बरणी सरकल्याचा आवाज आला. तो तिच्या ओळखीचा होता. तिने डोळे मिटून घेतले.

पावलं आत आली. वैद्यबुवांनी बरणी फडताळात ठेवली, दार ओढून घेतलं आणि स्वतःचा पाट उचलून तिच्या शेजारी मांडला. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले,

“पुढच्या खेपेला आच मंद ठेव. बुडाला लागलंय.”