वाळेपर्यंत

डॉक्टरांनी पुढे केलेला संमतीचा कागद आईने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी घातली आणि त्यांच्याच टेबलावर परत ठेवला.

"सही राहिली," डॉक्टर म्हणाले.

"राहिली नाही. करणार नाहीये."

तपासणीच्या खाटेवर पाच महिन्यांचं बाळ स्वतःचे पाय धरून मजेत पडलं होतं. शीच्या जागेशेजारी त्याला गळू झालं होतं. पू काढून पंधरा दिवस झाले होते. नवं मांस भरून यावं म्हणून दिवसातून दोनदा मारायचा आणि तसाच वाळू द्यायचा फवाराही दिला होता; तो कायम बर्फात ठेवावा लागे. पण जखम जशीच्या तशीच होती.

"फवाऱ्याचा काही उपयोग नाही. आत चिरून मोकळं करू. लहानसं काम आहे."

"तुम्हाला लहान. भूल त्याला द्यायची आहे. मला आणखी आठ दिवस हवेत."

"कशाच्या जोरावर?"

आईला कारण चांगलं ठाऊक होतं. काल सकाळी फवारा मारून ती हात धुवायला गेली आणि विसरलेला टॉवेल घ्यायला परत आली. बघते तर सासूबाई मऊ फडक्याने ते सगळं औषध टिपून घेत होत्या आणि वर पावडर लावत होत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण इथे, परक्यासमोर, त्यांचं नाव घ्यायला जीभ रेटेना.

"हट्टाने जखमा भरत नाहीत, बाई," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या जोरावर," भिंतीशी बसलेल्या सासूबाई बोलल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "ओलं दिसलं की मीच पुसत होते. चार पोरं कोरडी ठेवून वाढवली मी. वाटलं, ओल राहिली तर चिघळेल. पंधरा दिवस ते औषध माझ्या फडक्यालाच लागलंय, डॉक्टर. पोराला लागू द्या, मग बोला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताप आला तर? सूज वाढली तर?"

"त्याच पावली घेऊन येऊ. तेव्हा सही करीन," आई म्हणाली. "आधी नाही."

"बरं. आठच दिवस."

आईने सोबत आणलेल्या बर्फाच्या डब्यातून फवाऱ्याची बाटली काढली आणि सासूबाईंच्या हातात दिली.

"मी? अगं, मी कधी मारलेला नाही."

"आज मारा. तुम्हीच."

सासूबाईंनी फवारा मारला. जखम ओली झाली. त्यांचा उजवा हात सवयीने खांद्यावरच्या फडक्याकडे निघाला. डाव्या हाताने त्यांनी तो मनगटात गच्च पकडला.

डॉक्टर दाराकडे वळले होते.

"कुठे निघालात?" सासूबाई म्हणाल्या. "थांबा इथेच. वाळेपर्यंत कुणी हलायचं नाही."