नातीची करंडी

ओल्या बांबूचा वास. मोबाईलवर तरंगणारे लाल बदाम. नवऱ्या मुलीची करंडी. सुनेची हाक, "बाबा, जरा हसा की!"

म्हातारा वेई हसला. चीनमधल्या त्याच्या खेड्यात नवरीची करंडी तिच्या आजोबानंच विणायची रीत. ती अर्धीअधिक झाली, तसं सुनेनं थेट प्रक्षेपण थांबवलं आणि रोजच्यासारखं सांगितलं, "आता उसवा."

"पुन्हा? अगं, बांबू आहे तो, लोकर नव्हे! पट्ट्या मोडायला लागल्यात."

"उद्याच्या लोकांना पहिल्यापासून बघायचं असतं. नातीसाठी विणणारा आजोबा बघतात, तेव्हा कुठे आपण कारखान्यातून आणलेल्या करंड्या घेतात."

"पण लग्नाआधी ही पुरी व्हायला नको?"

"होईल हो. घाई काय आहे?"

वेईनं वीण सोडायला घेतली. काठाची पट्टी कडकन मोडून बोटात घुसली. सुनेनं लगबगीनं मोबाईल पुन्हा सुरू केला. "हात असाच धरा, बाबा!" बदाम उडू लागले. रक्तही न पुसता वेई नवी पट्टी सोलू लागला. नातीच्या पाठवणीला रिकाम्या हातानं कसं उभं राहायचं?

नातीचं लग्न त्याला न कळवता गेल्या हिवाळ्यातच शहरात होऊन गेलं होतं.